घराण्याच्या इतिहासातले चोवीस तास

कुठलाही कुलवृत्तांत उघडावा. गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव, मग पिढ्यांचे तक्ते आणि त्यामागोमाग व्यक्तिवार नोंदी. जन्म अमुक साली, शिक्षण व्हर्नाक्युलर फायनल, जी. आय. पी. रेल्वेत नोकरी, पत्नीचे माहेरचे नाव, तीन मुलगे, दोन मुली, मुली कुणाकडे दिल्या. नोंद संपली. हा गृहस्थ रेल्वेत तीस वर्षे नेमके काय करत होता, घर किती वाजता सोडत होता, रात्रपाळी असली की दिवसा त्या दोन खोल्यांत कुठे झोपत होता आणि त्याच्या झोपेपायी मुलांना कुठे पिटाळले जात होते, याचा पत्ता नाही. विसाव्या शतकात मराठीत अशा वृत्तांतांची रांगच लागली. वंश जुळवण्याच्या कामी त्यांची योग्यता कुणी नाकारणार नाही. जगलेल्या दिवसांबद्दल मात्र ते जवळजवळ मुके आहेत.

सगळा दोष संपादकांच्या माथी मारता येत नाही. त्यांनी गावोगावी माहितीपत्रके पाठवली, पत्रकात नाव आणि सन विचारले, तेच भरून आले. शिवाय रोजचे काम सांगण्याजोगे आहे असे ते करणाऱ्यालाच वाटत नसते. ‘त्यात काय सांगायचं, उठायचं नि कामाला लागायचं’ हे उत्तर घरच्या वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले आहे. पण घराण्याच्या इतिहासात दिनक्रम लिहायचा तो केवळ रंजक तपशील म्हणून नाही. वंशावळ एकेका माणसाची चौकट करते. दिनक्रम लिहायला घेतला की ती चौकट टिकत नाही, कारण कुणाचेही वेळापत्रक एकट्याचे नसते. साडेसहाला डबा घेऊन निघणाऱ्या माणसामागे चारला उठलेली कुणीतरी असते. तक्त्यात ती ‘पत्नी’ असते, कधी तीही नसते, कारण ती विधवा आत्या असते किंवा वर्षाच्या बोलीवर ठेवलेली बाई असते.

जुन्या कागदांकडून या बाबतीत फार आशा धरू नये. पेशव्यांच्या रोजनिशा हे नाव ऐकून वाटते की शनिवारवाड्यातला दिवस हाती लागणार. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडून काढलेले ते उतारे वाचले की दिसतात नेमणुका, इनामे, तंटे आणि वसूल. सरकारच्या कामाची ती रोजची नोंद आहे. बारकाईने पाहणाऱ्याला त्यातही कुणाला काय शिधा मिळाला, कुणाला किती मुशारा होता हे सापडते, त्यावरून कामाची घडी अंदाजाने बसवता येते. मात्र अशा कागदांतली वेळ घटका आणि प्रहरांत असते. घटका चोवीस मिनिटांची आणि प्रहर साधारण तीन तासांचा, हे गणित खरे असले तरी ‘चार घटका रात्री’चे रूपांतर घड्याळातल्या मिनिटांत करून छापू नये. त्या माणसाने मिनिट पाहिलेच नव्हते.

दिवस खरा सापडतो तो आत्मचरित्रांत, विशेषतः बायकांच्या. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली निघाले. लोक ते न्यायमूर्तींचे चरित्र म्हणून वाचतात. घराच्या वेळापत्रकाचा दस्तऐवज म्हणून वाचले तर वेगळेच पुस्तक हाती येते: तरुण सुनेचे शिक्षण रात्री, दिवस घरातल्या मोठ्या बायकांच्या ताब्यात, आणि या दोन वेळापत्रकांची रोजची टक्कर. महर्षी कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ चे आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ १९४४ चे. हिंगण्याची झोपडी १९०० साली उभी राहिल्यानंतर कॉलेजचे काम उरकून अण्णा पुण्याहून तिकडे पायी जात, हे मराठी वाचकाला पाठ आहे. त्या पायपिटीच्या वेळात घर कोण चालवत होते, हे पाहायचे तर दुसरे पुस्तक उघडावे लागते. एकाच घराची अशी दोन पुस्तके असणे हे भाग्य फार थोड्या कुटुंबांना लाभते. ज्यांना लाभले आहे त्यांनी ती शेजारी शेजारी ठेवून, एकेका वर्षातला एकेक दिवस लावून वाचायला हवीत. हे काम अजून पुरते कुणी केलेले नाही असे माझे मत आहे.

पुढे १९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ आले, आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आले. कामाच्या नोंदीच्या दृष्टीने मी ही पुस्तके कुठल्याही कुलवृत्तांताच्या वर ठेवीन. येसकराची पाळी कुणाकडे, घुंगराची काठी घेऊन भाकरी मागायला कधी निघायचे, लाकडाची मोळी विकायला बायका किती लांब जायच्या, मुंबईत चिंध्या-कागद वेचणाऱ्या बायकांचा फेरा कसा असे: हे सारे कामाचे वेळापत्रकच आहे. येसकरकी आळीपाळीने फिरे, म्हणजे गावगाड्यातही ड्यूटीचा तक्ता होता. तो कुणी भिंतीवर लावला नव्हता इतकेच. वतनाचे कागद गावकामगार पाटलाच्या घरी जपले गेले. पाळीचा तक्ता महारवाड्याच्या स्मरणात राहिला आणि एका बाईने तो लिहिला म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतो.

न लिहिलेल्या दिवसाचा दुसरा मोठा ठेवा म्हणजे जात्यावरची ओवी. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांकडे लोकसाहित्य म्हणून पाहिले जाते, ते बरोबरच आहे. पण ओवी ही पहाटेच्या एका ठरावीक कामाला बांधलेली असते. गावात पिठाची गिरणी आली आणि ते काम सुटले, तेव्हा बाईच्या दिवसातला एक अख्खा तुकडा मोकळा झाला. कुणाच्या घरी तो झोपेला मिळाला, कुणाच्या घरी रोजगाराच्या वाटेला. आपल्या गावात गिरणी कोणत्या साली आली हे कुटुंबाच्या इतिहासात लिहिणारा लेखक माझ्या पाहण्यात क्वचितच येतो. आजोबांना मिळालेल्या मानपत्राची तारीख मात्र हमखास असते.

आता ज्या प्रकरणात हा सगळा प्रश्न सर्वांत उघडा पडतो त्याकडे यावे. मुंबईची कापडगिरणी. कोकण आणि देशावरच्या हजारो कुटुंबांच्या इतिहासात ‘आजोबा गिरणीत होते’ हे वाक्य असते आणि बहुधा तेवढेच असते. ते वाक्य कोणत्या सालचे, यावर त्यातला दिवस पार बदलतो.

विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणी सूर्यावर चाले. मुंबईत डिसेंबरातला दिवस अकरा तासांचा, जूनमधला सव्वातेरा तासांचा. तेव्हा एकाच माणसाची एकाच खात्यातली हजेरी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दोन तासांनी वेगळी. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली जो अर्ज साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनी गेला, त्यातल्या मागण्या पाहा: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. मागणीपत्र म्हणून आपण ते वाचतो, पण उलटे वाचले तर त्या काळच्या कामगाराचा दिवस मिळतो. दुपारचा अर्धा तास मागावा लागत होता, म्हणजे तो नव्हता. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. त्याआधीच्या पणजोबाच्या दिनक्रमात ‘आठवड्याची सुटी’ घालणे म्हणजे कादंबरी लिहिणे.

मग १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि दिवस लांबला, काही ठिकाणी पंधरा तासांपर्यंत. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ च्या कायद्याने अकरा, १९३४ च्या कायद्याने दहा, आणि १९४६ च्या दुरुस्तीने नऊ, आठवड्याला अठ्ठेचाळीस. त्यामुळे ‘आमचे आजोबा १९२५ साली आठ तासांची पाळी करायचे’ असे कुणी सांगू लागले की सावध व्हावे. सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याने लहानपणी, १९५० नंतर पाहिलेल्या पाळ्या मागे ढकललेल्या असतात. सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा, बारा ते सकाळी सात, या तीन पाळ्या गिरणगावाच्या अंगात इतक्या मुरल्या आहेत की त्या पहिल्या भोंग्यापासून होत्या असेच वाटते.

आणि तो भोंगा कुठल्या घड्याळाने वाजे? १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे पुढे. नव्या वेळेने सातला फाटक उघडायचे म्हणजे कालच्या सहा एकवीसला. कामगारांनी त्याच महिन्यात निषेध केला, आणि शहरातल्या प्रतिष्ठितांनीही नवी वेळ झिडकारली. पुढची कित्येक दशके मुंबईत दोन वेळा नांदल्या. त्यातून दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे होती. त्या काळातल्या डायरीत ‘सकाळी सहाला बाहेर पडलो, मिट्ट काळोख’ असे आढळले तर लेखक अलंकारिक लिहीत नाही. तो युद्धाआधीच्या प्रमाणवेळेने पाचलाच बाहेर पडला आहे.

पाळीचा खरा परिणाम गिरणीत कमी आणि खोलीत जास्त दिसतो. एका गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या खोलीत माणसे पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा आडवा होणार. पाळी ठरावीक मुदतीने बदलायची, तेव्हा झोपेची जागाही बदलायची. जेवण खानावळवालीकडे, आणि इथे पुन्हा तोच प्रश्न: तीन पाळ्यांच्या माणसांना ताजे वाढणाऱ्या बाईची पाळी कोणती? तिला पाळी नव्हती. पहिल्या पाळीचे डबे भरून होतात तो तिसऱ्या पाळीचे जेवायला येतात. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तोपर्यंत या बायकांचे श्रम सावकाराच्या वहीखेरीज कुठेही फारसे नोंदले गेले नव्हते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचे गिरणगावाच्या मौखिक इतिहासाचे पुस्तक २००४ साली आले, ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’. कुटुंबाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने ते संपाची हकीगत म्हणून न वाचता, कोण कधी उठत होते, कुठे बसत होते, तालीम आणि भजन दिवसाच्या कुठल्या तासात होते, एवढ्यासाठी जरूर वाचावे.

बदली कामगाराचे प्रकरण आणखी अवघड. १९३५ पासून बदल्यांना कार्ड देण्याची पद्धत आली. कार्ड असलेला माणूस रोज सकाळी फाटकाशी हजर होणार. कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. त्याच्या हजेरीच्या कागदावर महिन्याचे बारा-पंधरा दिवस दिसतील. उरलेल्या दिवसांची फाटकापर्यंतची खेप कुठल्याच कागदावर नाही. ज्या कुटुंबाने फक्त पगाराच्या चिठ्ठ्यांवरून इतिहास लिहिला, त्याने हा माणूस अर्धा महिना रिकामा होता असे लिहून टाकले.

दिनक्रम मोडतो तेव्हा तो सर्वांत स्पष्ट दिसतो, म्हणून गिरणी संप सुरू झाला त्या १८ जानेवारी १९८२ नंतरचे दिवस विचारावेत. सुमारे अडीच लाख कामगार एका दिवसात बिनपाळीचे झाले. त्या फेब्रुवारीत घरातला पुरुष सकाळी सात वाजता काय करत होता, गावाला कोण गेले, बाई कुठल्या कामाला लागली, शाळेतल्या मुलाला संध्याकाळी कुठे पाठवू लागले: या प्रश्नांना लोक भडाभडा उत्तरे देतात. कारण तो रोजच्यासारखा दिवस नव्हता.

घरातल्या कागदांबद्दल थोडक्यात. सर्व्हिस बुक, पी. एफ.च्या चिठ्ठ्या, रेल्वेचा पास, मनिऑर्डरची कूपने, शाळेच्या हजेरीचे दाखले, दुधाचे कार्ड हे सारे कामाचे असते. त्यातली मनिऑर्डरची कूपने मला फार मोलाची वाटतात. पगाराची तारीख, गावी पैसे पोचल्याची तारीख आणि खालच्या दोन ओळींत कुणाचे दुखणे, कशाची पेरणी, सगळे त्यात येते. भिंतीवरची दिनदर्शिकाही फेकू नये. ‘कालनिर्णय’ १९७३ मध्ये सुरू झाले आणि बघता बघता मराठी घरातली ती सामाईक डायरी झाली. दूध आले नाही, सिलिंडर लावला, मोलकरणीचा खाडा, आणि कोपऱ्यातली एखादी बारीक फुली, जिचा अर्थ घरातल्या बाईलाच ठाऊक. वर्ष संपले की आपण त्या कागदाचे पुस्तकांना कव्हर घालतो.

कागद संपतात तिथे विचारणे सुरू होते, आणि इथेच बहुतेक हौशी लेखक फसतात. ‘तुमचा दिवस कसा असायचा?’ असे विचारले की आठवण चाळीस वर्षे एकत्र घोटून एकच आदर्श दिवस हाती देते. त्यात सगळे पहाटे उठतात, सगळे एकत्र जेवतात, कुणी आजारी पडत नाही. त्याऐवजी एक दिवस धरावा. धाकटी पोटात होती त्या पावसाळ्यातला, पगाराच्या आधीच्या आठवड्यातला. मग घड्याळ न विचारता खुणा विचाराव्यात: नळाला पाणी कधी यायचे, संडासाच्या रांगेत कोण आधी उभे राहायचे, डबेवाला जिना चढायचा तेव्हा भाजी झालेली असायची का, रेडिओवर कामगार सभा लागायची तेव्हा कोण घरात असायचे, बुधवारी आठला बिनाका ऐकायला शेजारी कोण यायचे. वेळ आपोआप बाहेर येते. खेड्यात हीच कामगिरी नक्षत्रे करतात. रोहिणीत काय, मृगात काय, पोळ्यानंतर काय, असे विचारले की शेतकऱ्याचे वर्ष तासागणिक उलगडते. तिथे ‘रोज’ असे काही नसते, हंगाम असतो.

सरकारही आता हे मोजते. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळ-वापराची पहिली पाहणी झाली, त्यात महाराष्ट्र नव्हता. देशभराची पाहणी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये झाली. तिची रीत कुटुंब-इतिहासकाराने उचलावी अशी आहे. आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून त्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचे कप्पे, आणि घरातल्या प्रत्येकाला वेगळे विचारणे. २०१९ मध्ये बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे निघाला, पुरुषांचा ९७. पाच वर्षांनी हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दिवसाची सुरुवात मध्यरात्री न धरता पहाटे चारला धरली आहे, यातच पाहणी आखणाऱ्यांना घर म्हणजे काय ते कळले होते असे मी समजतो. या रीतीची उणीवही ध्यानात ठेवावी. एकाच वेळी चुलीकडे पाहणारी, मांडीवर मूल घेतलेली आणि दाराशी आलेल्या भाजीवालीशी भाव करणारी बाई कप्प्यात नीट बसत नाही.

असल्या क्षुल्लक नोंदींतून इतिहास निघतो का, अशी शंका असणाऱ्यांनी अमेरिकेतले एक उदाहरण पाहावे. मेन प्रांतातल्या हॅलोवेलची सुईण मार्था बॅलर्ड हिने १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षे रोज दोन-चार ओळी लिहिल्या. हवा कशी, कुणाचे बाळंतपण, किती सूत, कोण आले, किती पैसे मिळाले. आधीच्या अभ्यासकांना ही डायरी किरकोळ वाटली. लॉरेल थॅचर उलरिक यांनी तीच बाजूला पडलेली रोजची कामे जुळवून १९९० मध्ये ‘अ मिडवाइफ्स टेल’ लिहिले, आणि त्याला इतिहासाचे पुलित्झर मिळाले. ओळींचे मोल त्यांच्या सलगपणात होते. आठवड्यातून एकदा लिहिलेल्या सुंदर मजकुरातून ते साधले नसते.

दिनक्रम लिहिताना काही गोष्टी अडचणीच्या येतात. पगाराच्या रात्री गुत्त्यात गेलेले तास, पाळीच्या चार दिवसांत बाजूला बसलेल्या बाईचे काम कोण करत असे, घरकामाच्या बाईला कपबशी वेगळी होती का, नवऱ्याची रात्रपाळी असली की सासूची नजर. हयात माणसांची नावे टाळून यातले बरेच लिहिता येते, आणि लिहावे. मात्र सांगणाऱ्या बाईने ‘हे छापू नका’ म्हटले की विषय तिथे संपतो, मग तो भाग कितीही मोलाचा असो.

शेवटी ज्यांच्याकडे ना कुलवृत्तांत, ना सर्व्हिस बुक, अशी घरे. दिवाळीच्या सुमारास बीडहून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणारी जोडपी घ्या. त्यांचे लेखी वेळापत्रक म्हणजे मुकादमाची वही: उचल किती, तोड किती टन, फिटले किती. वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात फडात जाणे, दिवसभर तोडणे, मोळ्या बांधणे, आणि गाडी रात्री आली तर रात्रीच भरणे, यातले बाईचे तास वेगळे कुठेही मांडलेले नाहीत. फडावरून खोपीत आल्यावर भाकरी थापायला, पाणी भरायला लागतो तो वेळ तर नाहीच. उद्या त्यांचा शिकलेला मुलगा घराचा इतिहास लिहायला बसला, तर पुराव्यादाखल त्याच्या हातात ही एक वही असेल आणि आई असेल. वहीतला टनांचा आकडा आधी उतरवून घ्यावा, मग आईला त्या हंगामातली गाडी भरायची एक रात्र विचारावी, आणि ती सांगत असताना वडिलांना मधे बोलू देऊ नये.